चुलत्यांच्या पत्रांचं काय करावं?

औसा तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘आमचे चुलते डिसेंबर १९७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर कामी आले. त्यांनी घरी पाठवलेली आंतरदेशीय पत्रं, मनीऑर्डरीची कुपनं आणि शेवटी आलेली तार चुलतीच्या ट्रंकेत आहेत. कागद घडीवर फाटू लागलेत, बऱ्याच पत्रांवर तारीख नाही. येत्या १६ डिसेंबरला गावात कार्यक्रम आहे. त्याआधी पत्रं लॅमिनेट करावीत, निवडक मजकुराची पुस्तिका छापावी आणि मूळ पत्रं शाळेला द्यावीत असं ठरतंय. काही चुकत असेल तर सांगा.’

लॅमिनेशन करू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी. गरम रोलरमधून प्लॅस्टिक एकदा कागदाला चिकटलं की परत निघत नाही. काढायला गेलात तर शाईही सोबत येते. चार-दोन वर्षं चकचकीत दिसतं, पण आतला कागद आतल्या आत पिवळा पडून कडक होत राहतो. सेलोटेपचं तेच. कुणी आधीच चिकटवला असेल तर ओढून काढू नका, आहे तसा राहू द्या.

जुन्या कागदांची डागडुजी आणि घरोघरच्या कागदपत्रांची लावालाव हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यात सैनिकांच्या घरची ट्रंक आली की एक गोष्ट हमखास दिसते. घरच्यांना पत्रं वाचवायची असतात, पण त्याहून जास्त घाई असते ती त्यांतून एक हुतात्मा उभा करण्याची. तुमच्या ‘निवडक मजकुराची पुस्तिका’ या शब्दांत मला तीच घाई दिसते. तिच्याकडे येतेच. आधी कागद.

आंतरदेशीय पत्र म्हणजे पातळ निळा कागद, तीन घड्या आणि डिंकाच्या कडा. पन्नासेक वर्षं घडीत राहिल्यावर तो घडीवरच फाटणार. जबरदस्तीनं उलगडू नका. सपाट टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरा, पत्र हळूहळू उघडा, वर दुसरा पांढरा कागद ठेवा आणि त्यावर जाड पुस्तकांचं वजन दोन-तीन दिवस राहू द्या. ओला हात नको, इस्त्री तर मुळीच नको. दौतीतल्या शाईनं लिहिलेलं असेल तर पाण्याचा एक थेंबही अक्षर पसरवतो. शिसपेन्सिलीसारख्या दिसणाऱ्या काही लिखाणाला ओल लागली तर ते जांभळं होतं; ती कॉपिंग पेन्सिल. टाचण्या गंजल्या असतील तर उपसू नका. टाचणीखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा आणि मग टाचणी अलगद सोडवा. फाटलेल्या घड्यांना आतून जपानी टिश्यू आणि गव्हाच्या पिठातल्या सत्त्वाची खळ लावून जोडता येतं, पण ते सरावाचं काम आहे. जमत नसेल तर दोन तुकडे एका पाकिटात राहिले तरी बिघडत नाही.

किल्लारीच्या बाजूच्या काही घरांतले कागद ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ढिगाऱ्याखालून निघालेले आहेत. त्यांच्यावर मातीचे डाग असतात. ते धुवायला जाऊ नका. वाळलेली माती मऊ ब्रशनं झटकली की पुरे. उरलेला डागही त्या घराच्या हकिकतीचाच भाग आहे.

ठेवायचं कुठं? पत्र्याच्या घरातली लोखंडी ट्रंक मे महिन्यात हाताला चटका देते, ते ऊन कागदालाही लागतंच. आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. लिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या कागदाला टेकतील अशा नकोत, डाग पडतात. वाळवी आणि कसर यांसाठी दर दोन-तीन महिन्यांनी खोकं उघडून बघणं हाच खरा उपाय. बऱ्याच घरांत शेवटचं पत्र देव्हाऱ्यात ठेवलेलं असतं आणि दर सणाला त्याला हळद-कुंकू लागतं. चुलतींनी असं केलं असेल तर हिसकावून घेऊ नका. देव्हाऱ्यात ठेवायला चांगली रंगीत प्रत काढून द्या आणि मूळ पत्र खोक्यात ठेवू का, म्हणून त्यांनाच विचारा.

मोबाइलनं फोटो काढायचे ते सकाळी ओसरीवर, थेट ऊन नसेल तिथे. फोन पत्राला समांतर धरा. पत्राची प्रत्येक बाजू टिपा: मजकूर, पत्ता, पाठवणाऱ्याचा पत्ता, चिकटवायच्या कडेवरची ओळ. जागा संपली की जवान कडेवर उभी-आडवी लिहीत, आणि पुष्कळदा खरी गोष्ट तिथेच असते. एका घरातल्या पत्रात बापाला पानभर औताची, कर्जाची विचारपूस होती, आणि कडेला बारीक अक्षरात एवढंच: ‘लुगड्याचे वीस रुपये वेगळे हायेत, ते घरात देणे.’ बायकोच्या नावानं पत्र टाकायची तेव्हा रीत नव्हती. पत्र वडिलांच्या नावे यायचं, शाळेतला पोरगा किंवा पोस्टमन ओसरीवर सगळ्यांसमोर वाचायचा. नवऱ्यानं बायकोशी बोलायची जागा तेवढीच, कडेची.

म्हणून मनीऑर्डरीची कुपनंही पत्रांइतकीच मोलाची समजा. खाली संदेशाला दोन-तीन ओळींची जागा असे. त्यात रक्कम, तारीख आणि पैसे कशासाठी ते येतं. तारखा नसलेल्या पत्रांना ही कुपनं आधार देतात. ‘मागं पाठवलेले पैशे भेटले का’ असं पत्रात असेल तर ते कुठल्या कुपनानंतरचं ते कळतं.

आता तारखा. कामाचा हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि मराठवाड्यातल्या पत्रांत तर मजकूरच पंचांगासारखा बोलतो.

आधी शिक्के बघा. पाठवण्याच्या बाजूला लष्करी टपालाचा गोल शिक्का असतो, त्यात एफपीओ (फील्ड पोस्ट ऑफिस) आणि एक आकडा. दुसरा शिक्का गावच्या किंवा तालुक्याच्या टपाल कार्यालयाचा. दोन्हींवर तारीख वाचता आली तर पत्राला यायला किती दिवस लागले तेही कळतं. पत्त्यात ‘द्वारा ५६ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर ती डाक दिल्लीमार्फत जाई. ९९ एपीओची कलकत्त्यामार्फत, म्हणजे पूर्वेकडची. जागेचं नाव पत्रात सापडणार नाही, ते लिहायची मनाई असे. ‘इकडं थंडी लई हाय’ एवढ्यावर भागवावं लागे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तेव्हा पत्त्यात पिनकोड असलेला कागद चुलत्यांचा असू शकत नाही. तो नंतर पलटणीकडून किंवा कार्यालयाकडून आलेला असेल. घरून गेलेलं आणि परत आलेलं एखादं पाकीट ट्रंकेत असेल तर त्यावर निर्वासितांच्या मदतीचं जादा ५ पैशांचं तिकीट आहे का बघा. ते १५ नोव्हेंबर १९७१ पासून लावावं लागे. परत आलेलं पाकीट बंद असेल तर फोडायचं की नाही हे चुलती ठरवतील.

पत्त्यात जिल्हा उस्मानाबाद दिसेल. नातवंडं म्हणतील, हे चुकलंय. चुकलेलं नाही, औसा आता ज्यात आहे तो लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला झाला. पुस्तिकेत तो पत्ता जसाच्या तसा ठेवा.

शिक्का पुसट असेल तर सण शोधा. १९७१ साली लक्ष्मीपूजन १८ ऑक्टोबरला होतं. दिवाळीचा फराळ पोचल्याचं लिहिलं असेल तर पत्र ऑक्टोबरच्या शेवटचं किंवा नोव्हेंबरचं. तुमच्या भागात त्याहून पक्की खूण म्हणजे येळवस, मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातला सण. ही अमावस्या त्या वर्षी १७ डिसेंबरला, शुक्रवारी आली. आदल्या दिवशी दुपारी ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली होती आणि पश्चिमेकडचा गोळीबार थांबला तो १७ तारखेलाच रात्री आठला. लढाई ३ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झालेली. म्हणजे ‘येळवस झाली असंल, भज्जी-आंबील केलं का’ असं एखाद्या पत्रात असेल तर ते १९७१ च्या येळवशीचं नाही, आदल्या किंवा त्याआधीच्या एखाद्या सालच्या येळवशीचं आहे; आदल्या सालची येळवस डिसेंबर १९७० च्या अखेरीस होती. आणि ‘येळवशीला सुट्टी भेटंल’ असं असेल तर ते पत्र १९७१ च्या हिवाळ्यातलं असण्याची शक्यता धरून बाकीच्या खुणा तपासा. हे एकदा लागलं की पत्रांचा क्रम भराभर लागतो.

शेवटचं पत्र कुठलं, हे मजकुराच्या गंभीरपणावरून ठरवू नका. घरोघरी एक पत्र ‘शेवटचं’ म्हणून ठरलेलं असतं, बहुधा ज्यात ‘काळजी करू नका’ लिहिलेलं असतं ते. काळजी करू नका हे तर ते प्रत्येक पत्रात लिहीत. पाठवल्याच्या शिक्क्यावरून ठरवा. खरं शेवटचं पत्र कदाचित बियाण्याबद्दल असेल. आणि तार आधी येऊन पत्र मागून आलं, असंही त्या डिसेंबरात झालं असू शकतं. तसं निघालं तर ते चुलतींना आधीच ठाऊक असणार. त्यांना ते नव्यानं सांगायला जाऊ नका.

पंचांग लावून झालं की पत्रं घेऊन चुलतींजवळ बसा. पुस्तिका छापायच्या आधी, नंतर नाही. पत्र हळू वाचा, फोनवर आवाज टिपत राहा, मध्ये थांबा. पत्रातल्या निम्म्या गोष्टी फक्त त्यांनाच कळतात. एका घरात नातवानं टाइप करताना ‘राजाच्या पायाची सूज उतरली का’ या ओळीखाली टीप टाकली होती: राजा, बहुधा धाकटा भाऊ. आजी हसायला लागली. राजा बैल होता. मग त्या बैलाची जोडी कधी घेतली, किती पैसे उसने काढले, त्या कर्जापायीच हा माणूस पलटणीत कसा गेला, हे सगळं तासभर निघालं. पत्रात त्यातलं एक अक्षर नव्हतं.

पाऊसपाण्याच्या ओळी गाळू नका. १९७० ते ७३ ही मराठवाड्याची दुष्काळाची वर्षं, १९७२ चा तर अजून घराघरात आठवतो. सीमेवरून माणूस विहिरीला पाणी किती, कडबा पुरेल का, बैल विकले तर नाहीत ना, हे विचारतोय. पुस्तिका काढताना बहुतेक जण हाच मजकूर ‘घरगुती’ म्हणून उडवतात आणि देशाबद्दलचं एखादं वाक्य मोठ्या टायपात घेतात. कित्येक जवानांच्या पत्रांत देश हा शब्दही नसतो. त्यानं काही कमी होत नाही. ज्याला आपली विहीर आटलेली ठाऊक होती आणि तरी जो तिथे उभा राहिला, त्याची आठवण ठेवायची तर विहिरीसकट ठेवावी लागते, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘वीरमरण’, ‘अमर रहे’ हे फ्लेक्सवर असणारच, असू द्या. पुस्तिकेत माणूस दिसू द्या.

भाषाही सुधारू नका. ‘मी इकडं खुशाल हाव’, ‘कामून पत्र टाकत न्हाई’, ‘सुट्टी भेटली की येलालो’ हे जसं आहे तसं. पलटणीतल्या हिंदीचे शब्द शिरतात: लंगर, पोस्टिंग, साब, छुट्टी. तेही ठेवा. वरचा ‘शि. सा. नमस्कार वि. वि.’ (शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष) आणि ‘इकडील सर्व क्षेम’ हा ठरीव मायनाही ठेवा. पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतलं असेल तर बहुधा इथेच ओळखू येतं, कारण लेखनिक बदलला की मायना बदलतो. डाव्या पानावर पत्राचा फोटो, उजव्या पानावर अक्षरशः मजकूर, खाली अवघड शब्दांचा अर्थ. वाचता न आलेल्या जागी [वाचता येत नाही] असं लिहा, अंदाजानं भरू नका.

नाजूक मजकूर निघतोच. भावकीचं भांडण, बहिणीच्या लग्नातलं देणं-घेणं, एखाद्या वरिष्ठाबद्दलचा राग, क्वचित सरळ सरळ भीती. काही घरांत जवान गेल्यावर पेन्शनवरून सासू-सून दुरावलेल्या असतात आणि जुन्या पत्रातली एक ओळ त्या जखमेवरची खपली काढते. छापायचं की नाही हे घरानं ठरवावं, आणि घरात पहिला शब्द वीरपत्नीचा. कागद तुमच्या ताब्यात असला तरी मजकुराचा हक्क वारसांचा असतो, हेही लक्षात असू द्या. गाळलेल्या जागी टिंबं द्या, म्हणजे काही गाळलंय हे वाचणाऱ्याला कळेल. घरच्या प्रतीत मात्र सगळं राहू द्या. भीतीची ओळ निघाली तर ती गाळायची घाई नको. ती वाचून कुणाच्या मनातून चुलते उतरले असं मी तरी पाहिलेलं नाही.

पुस्तिकेत चरित्राचं एक पान लागेल. त्यासाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट पत्राच्या पाठीवर आहे: लष्करी क्रमांक. रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार त्यावरच चालतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला आहे. अर्ज चुलतींच्या सहीनं आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर बरं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, जे २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, त्यागचक्राच्या भिंतींवर नावं कोरलेली आहेत. सुरुवातीलाच ती २५,९४२ होती. तिथे नाव शोधताना आडनावावर विसंबू नका. पलटणीत आडनाव कधी गळतं, कधी इंग्रजीतून भलतंच होऊन येतं. क्रमांक जुळला पाहिजे.

जन्मतारखेचा घोळ होईल, आत्ताच सांगून ठेवते. चुलत्यांचा जन्म बहुधा निजामाच्या राज्यातला असेल, आणि शाळेच्या किंवा गावच्या जुन्या दाखल्यावर फसली साल, म्हणजे निजामी राज्यातली कालगणना, असू शकतं. फसलीत ५९० मिळवा: १३५५ फसली म्हणजे १९४५-४६. महिने आजूर, दय, बहमन असे असतात आणि साल ऑक्टोबरात सुरू होतं. लष्करी नोंदीत १ जून असेल तर तो शाळेत घालताना मास्तरांनी लावलेला वाढदिवस समजा. दोन्ही द्या आणि कुठली कुठून घेतली ते लिहा.

हे वाचून कुणाला पणजोबांची, पहिल्या महायुद्धातली पत्रं शोधावीशी वाटतील. ती घरात क्वचितच मिळतात. फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांची पत्रं तपासणारे अधिकारी त्यांतले उतारे इंग्रजीत करून अहवालांत घालत, ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नाव शोधायचं तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) याद्या बघाव्यात. हिंदू सैनिकांना अग्नी दिला जाई, त्यामुळे थडगं नसतं, स्मारकाच्या भिंतीवर नाव असतं.

मूळ पत्रं शाळेला देऊ नका. शाळेत मास्तर बदलतात, कपाटं बदलतात, रंगरंगोटीच्या वेळी गठ्ठे व्हरांड्यात येतात. शाळेला पुस्तिका आणि चांगल्या रंगीत प्रतींची एक फाइल द्या. फोटोंचा एक संच पेनड्राइव्हवर, एक घरच्या संगणकात, एक पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे. फायलींना नाव तारखेनं द्या, १९७१-११-०४ असं, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात. मूळ खोकं चुलतींकडेच, आणि त्यांच्यानंतर कुणाकडे हे त्यांनी आजच सांगितलेलं बरं.

कार्यक्रमात एखादं पत्र वाचणार असाल तर ते वाचणारा तुमच्याच बोलीत वाचणारा हवा. निवेदकाच्या आवाजात ‘हाव’चं ‘आहे’ होतं. कुठलं पत्र वाचायचं ते ठरलं की आठवडाभर आधी घरी, चार माणसांत, ते चुलतींना एकदा वाचून दाखवा. नको म्हणाल्या तर दुसरं घ्या. तार वाचून दाखवायची असं कुणी सुचवेल. ते मात्र करू नका.